पोज्जो: पावणेचार टक्क्यांच्या चढाची गंमत

मिलान-सान रेमो या सायकल रेसबद्दल बरेच जण म्हणतात की पहिले पाच-साडेपाच तास काही होतच नाही, शेवटचा अर्धा तास बघितला की झालं. मला हे अजिबात पटत नाही.

इटलीतली ही रेस 1907 पासून चालू आहे, जवळपास 300 किलोमीटर, आणि तेही एकाच दिवसात. आधी पो नदीचं सपाट मैदान, मग 532 मीटर उंचीचा तुर्किनो घाट, आणि घाट उतरला की समोर एकदम समुद्र. मार्चमध्ये घाटाच्या अलीकडे थंडी आणि पलीकडे ऊन असं बरेचदा असतं कारण डोंगर उत्तरेचा गार वारा अडवतात (2013 ला तर एवढा बर्फ पडला की रायडर्सना बसमध्ये बसवून घाट पार करावा लागला). तिथून पुढे किनारा धरून पश्चिमेकडे, वाटेत कापो मेले, कापो चेर्वो, कापो बेर्ता हे छोटे चढ, मग चिप्रेस्सा आणि शेवटी पोज्जो.

पोज्जो म्हणजे फक्त 3.7 किलोमीटर, चढ सरासरी चार टक्क्यांच्याही आत. मग एवढ्याशा चढाला सगळे का घाबरतात?

ढोबळ हिशोब करून बघू. रायडर आणि सायकल मिळून 78 किलो धरा, स्पीड ताशी 37 किलोमीटर. वजन वर चढवायला साधारण 290 वॉट लागतात आणि हवा कापायला 200. म्हणजे चढावर असूनही बरीच ताकद हवेतच जाते! हेच दहा टक्क्यांच्या चढावर ताशी 20 ने गेलं तर वजनाला 425 आणि हवेला जेमतेम 30 वॉट, कारण हवेला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. तिथे कोणाच्या मागे चिकटून फार फायदा नाही, जो हलका आणि दमदार तो सुटतो. पोज्जोवर मात्र पुढचा हवा कापतो त्यामुळे मागच्याचे 60-70 वॉट सहज वाचतात, म्हणून जड स्प्रिंटरसुद्धा (शेवटच्या सपाट धावेत वेगवान असणारा रायडर) टिकू शकतो, आणि जो त्या स्प्रिंटरला सोडून पळू बघतो त्याला फारच जोरात जावं लागतं.

आणि इथेच ते "काही न झालेले" तास कामाला येतात. स्नायू आणि लिव्हरमधलं ग्लायकोजन (शरीराने साठवलेली साखर) जोरात चालवलं तर दोन-एक तासच पुरतं, त्यामुळे रायडर्स दिवसभर जेल, भात, साखरेचं पाणी घेत राहतात तरी सहा तासांनी पाय पहिल्यासारखे नसतातच. तोच चढ 100 किलोमीटरनंतर असता तर बहुतेक सगळे आरामात एकत्र वर गेले असते.

माथ्यापासून फिनिश साडेपाच किलोमीटरवर, त्यातला बराचसा भाग वळणावळणाचा उतार. 2022 ला मातेय मोहोरिच या रायडरने चालता चालता सीट खाली करता येणारा सीटपोस्ट (सीटचा दांडा) लावला होता, सीट खाली म्हणजे शरीराचा गुरुत्वमध्य खाली, ब्रेक दाबला तरी सायकल पुढे उलटायची भीती कमी. त्या उतारावरच तो निसटला आणि एकटा जिंकला.

2025 ला पोगाचार या रायडरने चिप्रेस्सापासूनच हल्ले केले (म्हणजे एकदम वेग वाढवून बाकीच्यांना मागे टाकायचा प्रयत्न), सोबत राहिले फक्त व्हॅन डर पूल आणि फिलिप्पो गान्ना हे दोन रायडर. गान्ना या दोघांपेक्षा चांगलाच जड, पोज्जोवर मागे पडला पण खाली सपाटीवर, जिथे सगळी लढाई हवेशी, तिथे त्याने दोघांना परत गाठलं. स्प्रिंट व्हॅन डर पूलने मारली, गान्ना दुसरा, पोगाचार तिसरा.