शिकवल्याने मुलं बिघडतात?

'शाळेत लैंगिक शिक्षण दिलं की पोरं नको ते करून बसतील' हे ऐकून कान किटले. २००७ साली महाराष्ट्रात याच ओरडीपुढे शाळांमधला कार्यक्रम गुंडाळला गेला. खरं उलट आहे. जगभरचे अभ्यास तपासून युनेस्कोने २०१८च्या मार्गदर्शिकेत सांगितलंय, की अशा शिक्षणाने लैंगिक संबंध वाढत नाहीत. ते उशिरा सुरू व्हायला आणि निरोधाचा वापर वाढायला मदतच होते.

आपल्याकडे मुलींना वर्गात थांबवून पॅड दाखवायचं, मुलग्यांना मैदानावर पिटाळायचं. मग त्यांचा गुरू मोबाइल! समलिंगी किंवा अपंग मुलांचा तर विषयच निघत नाही.

आणि 'पाश्चात्त्यांचं खूळ' म्हणाल, तर र. धों. कर्वे १९२७पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून हेच मराठीत सांगत होते, खटले अंगावर घेऊन.