मेलिंग लिस्ट आणि तिचे पत्ते

मेलिंग लिस्ट म्हणजे एका सामाईक पत्त्यावर आलेले ईमेल नोंदलेल्या सर्व सभासदांना आपोआप पाठवणारी व्यवस्था. एरिक थॉमस यांनी १९८६ मध्ये लिहिलेली लिस्टसर्व्ह ही यातली एक जुनी प्रणाली. पुढे मेलमन आणि गूगल ग्रुप्स रुळले. व्हॉट्सॲपमुळे रोजच्या गप्पा तिकडे गेल्या असल्या, तरी तीन वर्षांपूर्वीचे फवारणीचे वेळापत्रक शोधायचे असेल तर लिस्टचा संग्रहच उपयोगी पडतो.

तासगाव भागातल्या बागायतदारांची ‘द्राक्षबाग’ नावाची लिस्ट मेलमनवर आहे, असे धरू. तिला एकच पत्ता नसतो. नुसत्या ‘द्राक्षबाग’वर लिहिलेले सर्वांना जाते. ‘द्राक्षबाग-रिक्वेस्ट’ हा पत्ता प्रोग्रॅमचा. नाव नोंदवणे किंवा काढणे ही कामे तिथे होतात. ‘द्राक्षबाग-ओनर’वर व्यवस्थापक, म्हणजे माणूस, भेटतो. गूगल ग्रुप्सवर बाहेर पडण्यासाठी लिस्टच्या नावाला अधिक चिन्ह आणि ‘अनसबस्क्राइब’ जोडतात. बहुतेक गोंधळ पहिला आणि दुसरा पत्ता यांत गल्लत झाल्याने होतो: एकजण ‘माझे नाव काढा’ असे पहिल्या पत्त्यावर लिहितो, ते सगळ्यांना जाते, मग ‘माझेही काढा’ची रांग लागते आणि नाव मात्र कोणाचेच निघत नाही.

योग्य पत्त्यावर लिहूनही नाव निघाले नाही, तर बहुधा पत्र वेगळ्याच खात्यातून गेलेले असते. नोंदणी जुन्या पत्त्याची, त्यावरची डाक नव्या खात्यात वळवलेली. प्रोग्रॅम नव्या पत्त्याला ओळखत नाही. आलेल्या पत्राचे पूर्ण हेडर, म्हणजे पत्राच्या प्रवासाची नोंद असलेल्या माथ्यावरच्या ओळी, उघडले की ‘डिलिव्हर्ड-टू’ किंवा ‘रिसीव्ह्ड’ या ओळींत जुना पत्ता सहसा सापडतो. ‘लिस्ट-अनसबस्क्राइब’ ही ओळही तिथेच असते. १९९८ च्या प्रमाणकाने ती ठरवून दिली.

उत्तर देताना ‘टू’ची ओळ वाचावी. काही लिस्ट ‘रिप्लाय-टू’मध्ये स्वतःचा पत्ता घालतात, अशा वेळी एकट्यासाठी लिहिलेला उधारीचा आकडा साऱ्या तालुक्याला कळतो. नवा विषय असेल तर नवे पत्रच लिहावे. जुन्या पत्राला उत्तर देऊन फक्त विषय बदलला, तरी ‘इन-रिप्लाय-टू’ या हेडरमुळे ते जुन्या चर्चेलाच चिकटून राहते. कृष्णेला आलेल्या पुराची खबर ऑक्टोबर छाटणीच्या चर्चेखाली गेली, तर संग्रहात ती कोणाला दिसणार?

पत्र पाठवले पण पोहोचले नाही, याची कारणे बहुधा साधी असतात. मेलमनच्या जुन्या, दुसऱ्या आवृत्तीत मूळ मर्यादा ४० केबी असते, त्यामुळे डाऊनी (केवडा) रोग पडलेल्या पानाचा ४ एमबीचा फोटो मंजुरीसाठी अडकतो. शिवाय ईमेलसाठी रूपांतर होताना जोडणीचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. लिस्टचा पत्ता ‘बीसीसी’त टाकला किंवा एका पत्रात १० वा अधिक पत्ते घातले, तरीही पत्र अडकते. फोटो दुव्याने द्यावा, हेच बरे.

एप्रिल २०१४ मध्ये याहूने डीमार्क धोरण (पत्र खरोखर ‘फ्रॉम’मधल्या पत्त्याच्या सेवेकडूनच आले का, हे तपासण्याची पद्धत) कडक केल्यावर आणखी एक अडचण आली. याहूचा पत्ता असलेल्या सभासदाच्या नावाने लिस्टने पुढे धाडलेली पत्रे दुसऱ्या सर्व्हरांनी नाकारली, आणि परत आलेल्या पत्रांमुळे निर्दोष सभासदांची नावे स्थगित झाली. त्यामुळे अनेक लिस्ट आता ‘फ्रॉम’मध्ये लेखकाच्या नावापुढे स्वतःचाच पत्ता लावतात. अशा पत्रावरून लेखकाचा पत्ता संपर्क-यादीत जतन केला, की त्याच्या नावाखाली लिस्टचाच पत्ता साठतो.