चव गेली (सांगलीतलं जुन्या हॉटेलांबद्दलचं मत)

'चव गेली' हे पेठेतल्या नाहीतर चौकातल्या जुन्या हॉटेलाबद्दल तिथल्याच रोजच्या गिऱ्हाइकाचं मत. पूर्ण वाक्य बहुतेक 'आता ती चव राहिली नाय बघा' असं असतं आणि ते म्हणताना माणूस हॉटेलाकडं न बघता रस्त्याकडं बघतो. हॉटेल म्हणजे इथं राहायचं लॉज नव्हे, पुढं गल्ला, मागं भटारखाना, मधे चारपाच बाकडी आणि सकाळी मिसळ, कटवडा, भजी, शिरा, उप्पीट, चहा असं सगळं मिळणारं ठिकाण. सांगलीत गावभाग, हरभट रोड, मारुती चौक, गणपती पेठ, स्टँडचा परिसर या भागात अशी हॉटेलं पिढ्यान्‌पिढ्या चाललेली आहेत, काही बंद पडली, काही नावापुरती चालू आहेत. या नावापुरत्या चालू असलेल्यांबद्दलच हे मत जास्त ऐकू येतं, कारण बंद पडलेल्या हॉटेलाबद्दल लोक चांगलंच बोलतात.

नुसत्या जिभेचं हे मत नसतं. 'रस्सा पातळ झालाय', 'कप बारका झाला', 'पोरगं गल्ल्यावर बसल्यापासनं बिघडलं', 'पंखा तीन महिने बंद हाय', 'पूर्वी न मागता सॅम्पल (वरचा जादा रस्सा) यायचं', अशा पाचपन्नास तक्रारी असतात आणि त्या सगळ्यांची मिळून एक चव होते. म्हणून 'चव गेली' म्हणणाऱ्याला नेमकं काय गेलं ते विचारावं लागतं, आणि नीट विचारलं तर तो सांगतोसुद्धा, कारण वीस वर्षं एकाच बाकड्यावर बसणाऱ्याला भटारखान्यात काय बदललं ते आत न जाता कळतं.

कटाचंच बघा. सांगली-कोल्हापूरकडं मिसळीचा जीव कटात असतो आणि कटाचा जीव चटणीत. चटणी म्हणजे आपली कांदा-लसूण चटणी, उन्हाळ्यात वर्षभराची करून ठेवायची, ब्याडगी मिरची रंगाला, संकेश्वरी आणि लवंगी तिखटाला, खोबरं, तीळ, धने, खडा मसाला सगळं भाजून डंकावर कुटायचं. जुन्या हॉटेलांचं हे काम घरच्या बायका करायच्या आणि ते कुणी मोजत नव्हतं, ना पैशात ना वेळेत. घरातली ती पिढी थकली की चटणी बाजारातनं यायला लागते. मग तेल. पूर्वी इकडं शेंगतेल होतं, भुईमुगाचं, त्याच्या जागी सोयाबीन नाहीतर पामतेल आलं कारण भावच तसे झाले, आणि कटावर जो लाल तवंग दिसतो तो दिसायला तसाच राहिला तरी खाणाऱ्याला पहिल्या घासात कळतं. खोबरं महागलं की वाटणात खोबरं कमी आणि कांदा जास्त होतो, रस्सा गोडसर लागतो. यातला एकही बदल मालक सांगून करत नाही आणि एकाच दिवशीही करत नाही, दर दिवाळीला थोडं थोडं होत जातं. गिऱ्हाईक मात्र एका सकाळी म्हणतं, आज काहीतरी वेगळं लागतंय.

तळणाच्या तेलाला कायद्याचीपण मर्यादा आहे, १ जुलै २०१८ पासून तळून तळून खराब झालेल्या तेलात टोटल पोलर कंपाऊंडचं, म्हणजे तेल परत परत तापवल्यानं त्यात तयार होणाऱ्या घटकांचं, प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते वापरायचं नाही असा देशभर नियम आहे. ते मोजायचं यंत्र मी पेठेतल्या कुठल्या हॉटेलात बघितलेलं नाही, पण भजी हातात घेतली की बोटाला जे काळपट चिकट लागतं त्यावरनं जुनी माणसं तेच सांगतात.

भिंतींबद्दल बोलायचं तर 'रंग दिला नाही, छत गळतंय, मोरीचा वास येतो' हे नवीन गिऱ्हाइकाचं ठरलेलं मत आणि ते चुकीचं नाही. खरं त्यामागचं कारण बहुतेकांना माहीत नसतं. जुनी हॉटेलं बरीचशी जुन्या वाड्यांत, जुन्या भाड्यानं चालतात. भाडं अगदी कमी असतं म्हणून तर मिसळ स्वस्त देता येते, आणि भाडं कमी म्हणून वाड्याचा मालक दुरुस्ती करत नाही, आणि उद्या जागा सोडावी लागली तर खर्च वाया जाईल म्हणून हॉटेलवालाही करत नाही. दोघांच्या मधे छत गळत राहतं. त्यात वाटण्या झाल्या की एकाच नावाची दोन हॉटेलं होतात आणि मग 'धाकट्याकडं चव गेली, थोरल्याकडं टिकून हाय' असली मतं सुरू होतात, ती चवीबद्दल कमी आणि घरच्या भांडणाबद्दल जास्त असतात, त्यांच्यावर फार विसंबू नये.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला पाहिजे, की कधी कधी चव खाणाऱ्याचीच गेलेली असते. आपण जिला चव म्हणतो त्यातला मोठा भाग वासाचा असतो आणि साठीनंतर वास घ्यायची ताकद बऱ्याच जणांची कमी होते, कोरोनात तर कितीतरी लोकांचा वास काही दिवस पूर्णच गेला होता आणि काहींना पुढं कित्येक महिने पदार्थ वेगळेच लागत होते. शिवाय कॉलेजात असताना विलिंग्डनला किंवा वालचंदला तास बुडवून चौघांत दोन मिसळी खाल्लेल्या असतात, ती भूक आता कुठनं आणायची. मग ओळखायचं कसं? माझ्या मते सोपं आहे, सत्तरीतला माणूस आणि त्याचा पंचविशीतला नातू दोघंही एकाच पदार्थाबद्दल एकच तक्रार करत असतील तर बिघाड हॉटेलात आहे. आजोबा म्हणतात रस्सा गेला आणि नातू म्हणतो मस्त आहे, तर मग तो रस्सा एकदा सकाळी सातला, पहिल्या पातेल्यातला, खाऊन बघावा, कारण दहानंतर पाणी वाढवलेला रस्सा ही वेगळी वस्तू असते.

मोबाईलवरच्या चांदण्या, म्हणजे पाचपैकी किती ते रेटिंग, हा या मताचा नवा प्रकार, आणि तिथं फार गोंधळ आहे. चांदण्या देणारी माणसं मुख्यतः दोन जातीची. एक पहिल्यांदाच आलेला, ज्याला बाकडं डुगडुगतं, वेटर ओरडतो, बिल तोंडी सांगतात याचा राग येतो आणि तो एक चांदणी देऊन जातो. दुसरा पुण्याहून नाहीतर मुंबईहून गणपतीला आलेला सांगलीकर, जो वर्षातनं एकदा येतो, बाबांबरोबर यायचो वगैरे लिहितो आणि डोळे झाकून पाच चांदण्या देतो. जो माणूस वर्षातनं तीनशे दिवस तिथं चहा पितो, ज्याला सगळं माहीत आहे, तो काहीच लिहीत नाही. म्हणजे हॉटेलाचा आकडा ठरवतात ती तिथं सगळ्यात कमी येणारी माणसं. आणि आकडा हलतोही सावकाश. समजा एक हजार लोकांनी मिळून सरासरी ४.२ दिलीय, त्यानंतर ओळीनं पन्नास जणांनी एकेकच चांदणी दिली तरी सरासरी ४.०५ च्या आसपास राहते, तोवर भटारखान्यात जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. जुन्या चांगल्या दिवसांच्या चांदण्या आजच्या पातळ रश्श्यावर झाकण घालतात.

अल्बर्ट हर्शमन नावाच्या अर्थतज्ज्ञानं १९७० मध्ये हेच मांडलं होतं, की माल बिघडायला लागला की गिऱ्हाइकापुढं दोन वाटा असतात, गुपचूप निघून जायचं नाहीतर बोलायचं, आणि ज्याला दर्जाची सगळ्यात जास्त कदर असते तो बरेचदा सगळ्यात आधी निघून जातो. त्यामुळं मागं उरतात ते न बोलणारे. जीव लागलेला माणूस जरा जास्त दिवस थांबतो आणि त्या थांबण्यात बोलायची संधी असते, हेही त्यानं सांगितलं. सांगलीत निघून जायची वाट आता फार सोपी झालीय, विश्रामबाग, शंभर फुटी रोड, मिरज रोडला टाईल्स घातलेली, पार्किंग असलेली ढीगभर हॉटेलं झाली, राहणारी माणसंपण तिकडंच सरकली. पेठेत दुपारी जाणारं गिऱ्हाईक कमी झालं, गिऱ्हाईक कमी म्हणून रस्सा सकाळचाच संध्याकाळपर्यंत पुरवायचा, तो तसा पुरवला म्हणून आणखी गिऱ्हाईक कमी, असं ते चक्र आहे.

बोलायची वाट मात्र अवघड, कारण ओळख असते. एका सकाळी माझ्यासमोरच्या बाकड्यावर एक काका बसले होते, तिथलं तीसेक वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांनी ब्रेडचा तुकडा कटात बुडवला, तोंडात घातला, थांबले, मग चमच्यानं तवंग बाजूला सारून खालचा रस्सा नुसता चाखला, आणि प्लेट दोन बोटांनी हळूच पुढं सरकवली, अर्धी तशीच. गल्ल्यावर पैसे देताना मालकानं विचारलं, 'काय काका, बरं हाय न्हवं?' काका म्हणाले, 'बरं हाय की.' मालक पैसे घेताना त्या अर्ध्या प्लेटकडं बघत होता. बाहेर आल्यावर काका मला म्हणाले, 'चव गेली रे ह्याची.' मी म्हटलं मग त्याला का नाही सांगितलं, तर म्हणाले, 'त्याच्या वडलांना सांगितलं असतं. ह्याला वाईट वाटंल.' मला तेव्हापासनं वाटतं की 'चव गेली' हे सांगलीत शंभर जणांना सांगतात आणि ज्याला सांगायला पाहिजे त्या एकालाच सांगत नाहीत, आणि हॉटेलं तेल-मसाल्याच्या भावानं मरतात त्याच्याएवढीच या गप्प बसण्यानं मरतात.

या मताला पूर्ण सुट्टी मिळालेला काळ म्हणजे पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं, तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. १९२९ पासनं उभ्या असलेल्या त्या पुलाच्या खांबावरच्या आकड्यांवर सगळं गाव पूर मोजतं. गावभाग, मारुती चौक, हरभट रोड, स्टँड सगळं पाण्यात. पेठेतल्या हॉटेलांत पातेली तरंगली, शेगड्या गेल्या, पिठाची पोती भिजून फुगली, वर्षाच्या चटणीच्या बरण्या गेल्या. त्यातनं उभं राहतायत तोवर मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन, मग जुलै २०२१ ला परत पूर. काही हॉटेलांनी त्या दोन वर्षांत कायमचं शटर ओढलं. जी उघडली त्यांचे आचारी गावी गेलेले परत आले नव्हते, कपबशी जाऊन कागदी कप आले ते संसर्गाच्या भीतीनं, आणि नंतर तेच राहिले, ते आजही जुन्या लोकांना खुपतं.

२०१९ चं पाणी ओसरल्यावर आमच्या नेहमीच्या हॉटेलात भिंतीवर माणसाच्या डोक्याच्या वर चिखलाची रेघ होती. रोजच्या गिऱ्हाइकांनीच बादल्या आणून बाकडी धुतली. चहा सुरू झाला तो नुसता गोड पाणी होता, मिसळीत मटकी कच्ची होती, भजी तेलकट होती, आणि दोन महिने कुणी एक शब्द बोललं नाही, सगळे 'मस्त झालंय अण्णा' म्हणत राहिले. अण्णा काही बोलायचे नाहीत, गल्ल्यावर बसून रहायचे. मग दिवाळीनंतर कधीतरी बाजार समितीतले एक हमाल, हळदीच्या सौद्यावरनं अंगभर पिवळे होऊन आलेले, त्यांनी पहिलाच घास घेतला आणि तिथनंच मोठ्यानं म्हणाले, 'अण्णा, आज मीठ इसरलाय काय ओ?' सगळे गप्प झाले. अण्णा गल्ल्यावरनं उठले, त्यांच्या प्लेटमधला रस्सा चमच्यानं चाखला, आणि कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा भटारखान्याकडं तोंड करून पहिल्यासारखे ओरडले, 'मीठ बघ रं!'