यकृताचे पुनर्जनन : शस्त्रक्रियेनंतरच्या जैविक खुणा

शस्त्रक्रियेत यकृताचा काही भाग काढला, तर उरलेला भाग वाढून शरीराच्या गरजेइतका होतो. याला यकृताचे पुनर्जनन म्हणतात. ही वाढ सुरू झाली का आणि ती नीट चालली आहे का, हे रक्तातल्या, पेशींतल्या किंवा स्कॅनमधल्या ज्या गोष्टींवरून कळते, त्या तिच्या जैविक खुणा. बोलताना आपण काळीज म्हणजे हृदय समजतो. पण कोल्हापुरात मटणाच्या दुकानात काळीज मागितले की हातात यकृतच पडते. प्रौढ माणसात त्याचे वजन साधारण १.२ ते १.५ किलो, म्हणजे शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असते.

पुनर्जनन म्हटले की ऊसपट्ट्यातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर खोडवा येतो. ऊस तोडला, बुडखा राखला, की त्यातून नवे कोंब फुटतात. यकृताचे तसे नाही. काढलेला खंड पुन्हा फुटत नाही, राहिलेले खंड जागच्या जागी मोठे होतात. हा फरक आधी समजून घ्यावा, कारण ‘कापलेले परत आले का?’ हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो आणि त्या शब्दांत त्याचे उत्तर कायम ‘नाही’ असेच राहते. हिगिन्स आणि अँडरसन या संशोधकांनी १९३१ मध्ये उंदरांच्या यकृताचा दोन-तृतीयांश भाग काढण्याची पद्धत मांडली. आठवडा-दहा दिवसांत उरलेला भाग जवळजवळ मूळ वजनाला पोहोचतो, हे त्यातून दिसले. पुढे दोन उंदरांचे रक्ताभिसरण एकमेकांना जोडून प्रयोग झाले. एकाचे यकृत कापले, तर दुसऱ्याच्या धडधाकट यकृतातल्या पेशीही विभागू लागल्या. वाढीचा निरोप रक्तातून जातो, हे तेव्हा स्पष्ट झाले. रक्तात खुणा शोधण्याला अर्थ आहे तो यामुळे.

निरोपाची सुरुवात रक्तप्रवाहातच होते. आतड्यांकडून येणारे सगळे रक्त आता लहान झालेल्या यकृतातून जाते आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर ताण येतो. टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६ हे घटक पेशींना तयार करतात. एचजीएफ, म्हणजे यकृतपेशी-वृद्धिघटक, आणि त्याच्यासारखे इतर घटक त्यांना विभागायला लावतात. टीजीएफ-बीटाचा गट शेवटी आवर घालतो. हे सगळे रक्तात मोजता येते, तरी वॉर्डात त्यांचा उपयोग थोडाच. इंटरल्यूकिन-६ कुठल्याही मोठ्या ऑपरेशननंतर वाढते. एचजीएफ वाढणे हे चांगले लक्षण असू शकते, पण यकृत निकामी होतानाही ते खूप चढते. पेशी खरोखर विभागत आहेत का, हे केआय-६७ या प्रथिनावरून थेट कळते. मात्र त्यासाठी यकृताचा तुकडा काढावा लागतो, आणि नुकत्याच ऑपरेशन झालेल्या माणसाच्या यकृतात रोज सुई घालणे कोणी करणार नाही.

म्हणून प्रत्यक्षात भिस्त राहते ती दोन जुन्या, साध्या चाचण्यांवर: बिलिरुबिन आणि आयएनआर. बिलिरुबिन म्हणजे आपल्याकडच्या बोलीत ‘कावीळ किती आहे’ तो आकडा. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती, त्यामुळे या भागात हा आकडा घरोघरी माहीत आहे. रक्तातून बिलिरुबिन उचलून पित्तात सोडणे हे यकृताचे काम. रक्त गोठवणारी प्रथिने बनवणे हे दुसरे काम, आणि गोठायला लागणारा वेळ आयएनआर सांगतो. त्यांपैकी सातवा घटक रक्तात काही तासच टिकतो, त्यामुळे कारखाना थांबला तर ते लगेच कळते. अल्ब्युमिन याच्या उलट. ते सुमारे तीन आठवड्यांनी निम्मे होते, म्हणून पहिल्या आठवड्यात त्याच्यावरून निर्वाळा देऊ नये.

पहिले दोन-तीन दिवस दोन्ही आकडे चढतात, मग उतरू लागतात. पाचवा दिवस कसोटीचा. फ्रान्समधल्या शल्यचिकित्सकांनी २००५ मध्ये मांडलेल्या ‘पन्नास-पन्नास’ निकषानुसार, पाचव्या दिवशी बिलिरुबिन ५० मायक्रोमोलच्या वर आणि प्रोथ्रोम्बिन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाची पातळी ५० टक्क्यांखाली असेल, तर जिवाला मोठा धोका असतो. आपल्याकडच्या रिपोर्टच्या भाषेत हे बिलिरुबिन सुमारे ३ मिलिग्रॅम आणि आयएनआर १.७ च्या वर असे होते. दोन्ही एकत्र बिघडणे महत्त्वाचे. एकट्या बिलिरुबिनमागे पित्तनळीतला अडथळा किंवा गळती असू शकते. रुग्णाला प्लाझ्मा, म्हणजे दात्याच्या रक्तातला प्रथिनयुक्त द्रव, चढवला असेल, तर आयएनआर उसना सुधारतो आणि ही खूण पुसट होते. कोणत्या दिवशी प्लाझ्मा दिला याची नोंद आकड्याशेजारी हवी.

सर्वात जास्त घाबरवतात ते एसजीओटी आणि एसजीपीटी या यकृतपेशींतल्या विकरांचे (एन्झाइमचे) आकडे. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी हे आकडे शेकड्यांत जातात आणि घरच्यांचा धीर सुटतो. पण ही पुनर्जननाची खूण नव्हे, इजेची आहे. शस्त्र चालताना आणि रक्तप्रवाह काही वेळ थांबवताना ज्या पेशी दुखावल्या, त्यांच्यातून ती विकरे बाहेर सांडतात. एसजीओटी तर स्नायूंतही असते, तालमीत जोर-बैठका मारून आलेल्या पैलवानाच्या रक्तातही ते वाढलेले दिसू शकते. दिवसागणिक उतरत असेल तर ठीक. पुन्हा उसळले, तर यकृताच्या रक्तवाहिन्यांत गुठळी नाही ना, हे सोनोग्राफीने तातडीने पाहावे लागते.

फॉस्फरसची खूण कमी लोकांना ठाऊक आहे, आणि ती उलटी वाचावी लागते. यकृताचा मोठा भाग काढल्यानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत रक्तातला फॉस्फेट घसरतो. वाढत्या पेशींना तो लागतो, आणि मूत्रपिंडातूनही बराच वाहून जातो. तो मुळीच घसरला नाही, तर वाढ मंद असल्याची किंवा मूत्रपिंड थकल्याची शंका घ्यावी. घसरला म्हणून सोडूनही देता येत नाही: फार कमी झाला तर श्वासाचे स्नायू आणि हृदय दुबळे पडते, तेव्हा तो शिरेतून भरून काढतात. बिंबिकांचाही, म्हणजे प्लेटलेटचा, वाढीत हात असतो. त्यांच्यातले सेरोटोनिन पेशीविभाजनाला मदत करते, हे उंदरांत दिसले आहे. शस्त्रक्रियेनंतर प्लेटलेट एक लाखाखाली राहणाऱ्या रुग्णांवर डॉक्टर जास्त नजर ठेवतात.

सीटी स्कॅनवर यकृताचे आकारमान मोजता येते. ऑपरेशनपूर्वी तेच ठरवते की किती कापायचे: निरोगी यकृत असेल तर निदान २० ते २५ टक्के, केमोथेरपी झाली असेल तर सुमारे ३० आणि सिरोसिस (वण पडून कडक झालेले यकृत) असेल तर ४० टक्के मागे राहिले पाहिजे. पण आकार आणि काम एकाच वेगाने वाढत नाहीत. सुजलेले, रक्ताने भरलेले यकृतही स्कॅनवर मोठे दिसते. इंडोसायनिन ग्रीन हा हिरवा रंग शिरेतून देऊन पंधरा मिनिटांनी रक्तात किती उरला हे पाहण्याची चाचणी म्हणूनच वापरतात. यकृत काम करत असेल तर रंग झपाट्याने नाहीसा होतो.

कोल्हापूर जिल्ह्यातले अनेक जण या शस्त्रक्रियेसाठी पुणे-मुंबईला जातात आणि टाके सुकले की गावी परततात. पुढच्या तपासण्या मग इथल्याच लॅबमध्ये होतात. त्या शक्यतो एकाच लॅबमध्ये कराव्यात, आणि प्रत्येक वेळी मागचे सगळे रिपोर्ट सोबत न्यावेत: एकटा आकडा फारसे बोलत नाही, त्याची चढ-उतार बोलते. आपल्या माणसासाठी यकृताचा उजवा खंड दिलेल्या दात्यात वाढीचा मोठा भाग पहिल्या काही आठवड्यांतच होतो, उरलेला पुढच्या महिन्यांत सावकाश. बिलिरुबिन आणि आयएनआर त्याच्या बरेच आधी पूर्ववत होतात, प्लेटलेट मात्र काही दात्यांत वर्षानुवर्षे पूर्वीपेक्षा किंचित कमी राहतात. वर्षभराने काढलेल्या स्कॅनमध्ये उजवीकडची जागा डाव्या खंडाने फुगून व्यापलेली दिसते, आणि कापलेल्या कडेवर टायटॅनियमच्या बारीक क्लिपांची रांग पांढरी चमकत असते.