पॅकिंगऐवजी सिलिकॉन? पैसे वाचत नाहीत

ठाण्यात वागळे इस्टेटच्या गॅरेजात जुनी गाडी नेली की हमखास ऐकू येतं, "साहेब, नवीन पॅकिंग कशाला? जुन्यावरच सिलिकॉन फासतो." ही बचत नव्हे. (पॅकिंग म्हणजे गळती होऊ नये म्हणून इंजिनच्या दोन भागांमध्ये बसणारं गॅस्केट; सिलिकॉन म्हणजे ट्यूबमधली चिकट पेस्ट.)

बोल्ट आवळले की जास्तीचं सिलिकॉन दोन्हीकडे दबून निघतं. बाहेरचं बोटाने पुसता येतं. आतलं शेवयांसारखं लोंबत राहतं, कधीतरी तुटून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीत, पडतं आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतं. मग ऑइल प्रेशर घसरतं, बेअरिंग जातात. तो खर्च पॅकिंगच्या कितीतरी पट.

टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या सगळ्यात वरच्या झाकणाचं) रबरी पॅकिंग बहुतेक गाड्यांत कोरडंच बसतं. सिलिकॉनचा ठिपका फक्त कोपऱ्यांत, तोही कंपनीने सांगितला असेल तर. जुनं रबर नखाने दाबून बघा. प्लास्टिकसारखं कडक लागलं तर ते गेलं. हे काम बऱ्याच गाड्यांत 10 नंबरच्या पान्याने घरीही होतं, फक्त बोल्ट जोर लावून पिळू नका.

हेड पॅकिंग (इंजिन ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं) मात्र उघडलं की नवीनच, आणि हेड वाकलंय का तेही तपासायचं. (हेड पॅकिंगमधला जुगाड घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर, ट्रॅफिकमध्ये इंजिन तापलं की उघडा पडतो.)

वाचवायची तर मजुरी वाचवा. टायमिंग बेल्ट (कॅम आणि क्रँक हे इंजिनचे दोन शाफ्ट जोडणारा पट्टा) उघडलाच आहे, तर त्यामागचे कॅम-क्रँकचे ऑइल सील त्याच फेरीत बदलून घ्या, म्हणजे तीच उघडझाप पुन्हा नको.