अँकर्ड पटिंग

गोल्फमध्ये ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, पट (चेंडू होलकडे घरंगळवण्याचा फटका) मारताना पटर या क्लबचे वरचे टोक, किंवा ते धरलेला हात, पोटाला, छातीला वा हनुवटीला टेकवून फटका मारण्याची पद्धत. गोल्फच्या नियमांनुसार 1 जानेवारी 2016 पासून तिला बंदी आहे. सध्याच्या नियमावलीत ही तरतूद 10.1बी या कलमात येते. नियम मोडल्यास स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजून होणारा खेळ) दोन फटक्यांचा दंड होतो, मॅच प्लेमध्ये (होलगणिक हार-जीत ठरणारा खेळ) तो होल हातचा जातो. बंदी लांब पटरवर नसून तो शरीराला टेकवण्यावर आहे, आणि पुढचे बहुतेक वाद या एका गोष्टीतून निघाले.

नेहमीचा पटर साधारण 33 ते 35 इंच लांब असतो. तो फक्त हातांत धरलेला असल्यामुळे ऐन फटक्याच्या क्षणी मनगट जरासे वळले तरी पटरचे तोंड फिरते आणि चार फुटांवरचा पटही होलच्या कडेने निघून जातो. काही खेळाडूंच्या मनगटाला अशा वेळी अचानक झटका बसतो. यालाच यिप्स म्हणतात. बेली पटरचे, म्हणजे पोटापर्यंत येणाऱ्या लांब पटरचे, टोक पोटात रुतवले की तो बिंदू बिजागरीसारखा स्थिर होतो. त्याहून लांब, जवळजवळ छातीपर्यंत येणाऱ्या ब्रूमस्टिक पटरमध्ये वरचा हात छातीला चिकटलेला राहतो आणि खालचा हात दांडा नुसता झुलवतो. मनगटाला बिघडवण्यासारखे फारसे काही उरतच नाही. जर्मनीच्या बर्नहार्ड लँगर या गोल्फपटूची कारकीर्द यिप्सने अनेकदा पणाला लागली. पकडीचे नाना प्रकार करून झाल्यावर तो लांब पटरवर स्थिरावला.

पटिंगवर निर्बंध घालण्याची ही पहिली वेळ नव्हती. 1904 साली अमेरिकेच्या वॉल्टर ट्रॅव्हिसने इंग्लंडमधील सँडविच येथे ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धा जिंकली, ती स्केनेक्टडी पटरने, ज्याचा दांडा पटरच्या डोक्याच्या मध्यावर बसवलेला होता. आर अँड ए या ब्रिटिश नियामक संस्थेने 1910 मध्ये तसे पटर अवैध ठरवले. अमेरिकेत मात्र ते चालू राहिले. ब्रिटनमधील बंदी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला उठली आणि आज असे पटर कोणत्याही दुकानात मिळतात. पुढे यिप्सने त्रासलेला अमेरिकन गोल्फपटू सॅम स्नीड पटच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून, क्रोके (हातोड्याने चेंडू कमानींतून मारण्याचा खेळ) खेळावे तसा पट मारू लागला. 1968 पासून तीही पद्धत बंद झाली, तेव्हा स्नीडने दोन्ही पाय रेषेच्या एकाच बाजूला आणले आणि होलकडे तोंड करून खेळणे चालूच ठेवले. ते नियमात बसत होते.

अँकरिंग अनेक वर्षे थकलेल्या हातांचा उपाय म्हणून खपवून घेतले गेले. चित्र पालटले ते 2011 मध्ये. कीगन ब्रॅडलीने बेली पटरने पीजीए चॅम्पियनशिप जिंकली, 2012 मध्ये वेब सिम्पसनने यूएस ओपन आणि एर्नी एल्सने ओपन चॅम्पियनशिप. नोव्हेंबर 2012 मध्ये आर अँड ए आणि अमेरिकेच्या यूएसजीए या संस्थांनी बंदीचा प्रस्ताव मांडला. तो चर्चेत असतानाच एप्रिल 2013 मध्ये ॲडम स्कॉटने लांब पटरने मास्टर्स जिंकली. म्हणजे ब्रॅडलीच्या विजयापासूनच्या सहा मेजर, म्हणजे सर्वांत मोठ्या, स्पर्धांपैकी चार अँकर्ड पटिंगने जिंकल्या गेल्या. त्याच मास्टर्समध्ये चीनच्या अवघ्या 14 वर्षांच्या ग्वान तिआनलांगने बेली पटर घेऊन कट, म्हणजे पहिल्या दोन फेऱ्यांनंतरची छाटणी, पार केला. मुले पहिल्यापासूनच अशी शिकू लागल्याची चिंता नियामकांना होतीच.

तरीही या पद्धतीने फायदा होतो हे सिद्ध झाल्याचा दावा दोन्ही संस्थांनी केला नाही. फटका म्हणजे हातांनी मोकळा झुलवलेला क्लब, अशी त्यांची भूमिका होती. अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धा चालवणाऱ्या पीजीए टूरचा आक्षेप नेमका इथेच होता: फायद्याचा पुरावा नाही आणि पद्धत कित्येक वर्षे चालू आहे, मग आताच बंदी का? ही पद्धत वापरणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या टिम क्लार्कला जन्मतः हात पूर्ण फिरवता येत नाहीत. त्याची अडचण तर खरीच होती. मे 2013 मध्ये नियम मंजूर झाला आणि टूरनेही नंतर तो स्वीकारला. फायदा मोजण्याच्या फंदात न पडता फटक्याची व्याख्या धरून बसणे प्रामाणिक होते, पण ती व्याख्या पुढे नीट पाळली गेली असे म्हणवत नाही.

कारण त्याच नियमात पटर किंवा हात दुसऱ्या हाताच्या कोपराखालच्या भागाला टेकवण्याची मुभा आहे. त्यातून आर्म-लॉक पद्धत फोफावली: पटरचा लांब दांडा पुढच्या, म्हणजे होलच्या बाजूच्या, हाताच्या आतल्या बाजूला घट्ट चिकटवायचा. मॅट कुचर, ब्रायसन डीशाँबो आणि बंदीनंतर सिम्पसनही या पद्धतीकडे वळले. मनगट इथेही जखडलेलेच असते. पोटाला टेकवले तर दंड आणि हाताला टेकवले तर चालते, या भेदामागे व्याख्येपेक्षा सोयच जास्त दिसते.

दुसरी अडचण अंमलबजावणीची. पटर किंवा हात कपड्यांना नुसता घासला तर दंड नाही. मुद्दाम शरीराला टेकवला तरच आहे. 2017 मध्ये लँगर आणि अमेरिकेचा स्कॉट मॅकॅरन या खेळाडूंच्या छातीजवळच्या हातावरून टीव्हीसमोर बसलेल्यांनी बरीच ओरड केली, तेव्हा यूएसजीएने त्यांनी नियमभंग केला नसल्याचे स्पष्ट केले. लँगरने 2023 मध्ये, 65 व्या वर्षी, यूएस सीनियर ओपन जिंकली, तीही लांब पटर छातीपासून दूर धरून. लूकस ग्लोव्हर आणि भारतीय वंशाचा अमेरिकन खेळाडू अक्षय भाटिया यांनीही असाच मोकळा धरलेला लांब पटर वापरून पीजीए टूरवर विजय मिळवले आहेत. 2022 पासून स्पर्धांना क्लबची लांबी 46 इंचांपर्यंत मर्यादित ठेवण्याची मुभा मिळाली, पण पटर त्यातून वगळलेला आहे.