मॅनेजरचा शोध (फुटबॉल)

फुटबॉल क्लबचा मॅनेजर किंवा मुख्य कोच पद सोडून गेल्यावर त्याच्या जागी दुसरा माणूस रुजू होईपर्यंत क्लबची जी धावपळ चालते, तिला मॅनेजरचा शोध म्हणतात. सांगली-मिरजेकडच्या वाचकाने आधी एक शब्दाचा घोळ निस्तरून घ्यावा. आपल्याकडे ‘टीम मॅनेजर’ म्हणजे स्पर्धेचे फॉर्म भरणारा, जन्मदाखल्यांच्या झेरॉक्स सांभाळणारा, एसटीची तिकिटं काढणारा माणूस. संघ घडवतो तो ‘कोच’, पोरांच्या तोंडी ‘सर’. इंग्लंडमधला मॅनेजर मात्र संघ निवडतो, डावपेच ठरवतो आणि कोणता खेळाडू घ्यायचा, कोणता सोडायचा यातही त्याचा शब्द चालतो. आपल्या कुस्तीच्या मुलखात त्याच्या सर्वांत जवळचा शब्द वस्ताद. वस्ताद गेला की तालीम पोरकी होते. मॅनेजर गेलेल्या क्लबचं तसंच होतं.

मॅनेजरला हा अधिकार सुरुवातीपासून नव्हता. इंग्लंडचा राष्ट्रीय संघसुद्धा कित्येक वर्षं निवड समिती ठरवत असे. १९६२ मध्ये नेमणूक झालेल्या आल्फ रॅम्सी यांनी संघनिवडीचा पूर्ण अधिकार आपल्याकडे मागून घेतला आणि १९६६ चा विश्वचषक जिंकून दाखवला. आपल्याकडच्या लहान क्लबांत ही समिती अजून पुरती गेलेली नाही. कोच नवा आणायचा, पण अकरा नावं वर्गणी देणाऱ्यांनी सांगायची, असं जिथे चालतं तिथे चांगला माणूस टिकत नाही. म्हणून शोध सुरू करण्याआधी कार्यकारिणीने स्वतःलाच विचारावं, की येणाऱ्याच्या हाती आपण नक्की काय देणार आहोत.

मोठ्या क्लबांत मॅनेजर जातो तो बहुधा हरल्यामुळे, नाहीतर त्याला दुसरा क्लब उचलतो म्हणून. इथे कारणं साधी असतात. सर शाळेत क्रीडाशिक्षक असतील तर बदली होते. खाजगी नोकरीत असतील तर पुण्याला जावं लागतं. मिरजेतल्या एका क्लबाचा असा निरोप प्रस्तुत लेखकाने जवळून पाहिला आहे. सरांनी बॉलची जाळी, पंप, शिट्टी आणि दाखल्यांची फाईल टेबलावर ठेवली. शाल-श्रीफळ झालं, फोटो झाले. त्यांची निळी वही मात्र कोणी मागितली नाही. कुणाचा डावा घोटा दोनदा मुरगळलाय, कुणाला सातच्या आत वडिलांच्या दुकानावर पोहोचायचं असतं, कुणाला सगळ्यांसमोर बोललं की तो आठवडाभर फिरकत नाही, हे सगळं त्या वहीत होतं. वही सरांबरोबर गेली. नव्या कोचने पहिल्याच आठवड्यात त्या घोट्याच्या पोराला पूर्ण नव्वद मिनिटं पळवलं आणि पोराचा अख्खा हंगाम बुडाला. चूक नव्या कोचची नव्हती.

शोधाचा व्याप क्लबाच्या खिशावर ठरतो. २०२५ मध्ये भारताच्या राष्ट्रीय संघाच्या मुख्य कोचपदासाठी १७० अर्ज आले. त्यांतून तीन नावं निवडली गेली आणि ऑगस्टमध्ये खालिद जमील यांची नेमणूक झाली. २०१७ मध्ये मिझोरामच्या ऐझॉलसारख्या लहान क्लबाला त्यांनी आय-लीग ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकून दिली होती. इंडियन सुपर लीगमध्ये मुख्य कोचला प्रो लायसन्स, म्हणजे कोचिंगचं सर्वांत वरचं प्रमाणपत्र, लागतं. त्याच्या खाली ए, बी, सी आणि डी अशा पायऱ्या आहेत. सांगलीतल्या क्लबाला डी किंवा सी लायसन्सवाला भेटला तरी पुष्कळ. पन्नासेक किलोमीटरवर कोल्हापूर असल्याने नजर तिकडे जाणं साहजिक आहे. तिथे पाटाकडील, दिलबहार यांसारख्या तालमींचे संघ आहेत आणि फुटबॉल पेठापेठांत मुरलेला आहे. तिकडचा माणूस मिळाला तर उत्तम. पण तो आठवड्यातून किती संध्याकाळी येणार आणि पेट्रोलचं काय, हे पहिल्याच बैठकीत बोलून घ्यावं.

मधल्या काळात हंगामी कोच नेमतात, बहुधा आधीच्या सरांचा मदतनीस किंवा खेळणं थांबवलेला जुना कॅप्टन. तो जिंकू लागला की कार्यकारिणीची पंचाईत होते. मँचेस्टर युनायटेडने डिसेंबर २०१८ मध्ये ओले गुन्नार सोल्शायर यांना हंगामी नेमलं. पहिले आठही सामने जिंकल्यावर मार्च २०१९ मध्ये त्यांना कायम केलं आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये काढलं.

घरातला नेमावा की बाहेरचा, हा वाद जुना आहे. युनायटेडमध्येच सर ॲलेक्स फर्ग्युसन साडेसव्वीस वर्षांनी २०१३ मध्ये निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या डेव्हिड मॉइस यांनी जुने सहायक बदलून आपले आणले. करार सहा वर्षांचा होता, पण पद दहा महिनेही टिकलं नाही. लिव्हरपूलने १९७४ मध्ये बिल शँकली गेल्यावर त्यांचेच सहायक बॉब पेस्ली यांना पुढे केलं. पेस्ली १९३९ पासून क्लबात होते आणि हे पद घ्यायला फारसे राजी नव्हते. नऊ हंगामांत त्यांनी सहा लीग विजेतेपदं आणि तीन युरोपियन कप जिंकले. घरच्या माणसाकडे निळी वही आधीपासून असते, म्हणून आमचा कौल शक्यतो त्याच्याच बाजूने.

त्यातही एक अवघड भाग आहे. निवृत्तीनंतर शँकली सरावाच्या मैदानावर येत राहिले आणि खेळाडू त्यांनाच ‘बॉस’ म्हणत राहिले. पेस्लींची कुचंबणा होऊ लागली. पुढे शँकलींना तिथे परकं वाटू लागलं, आणि ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं. मिरजेचे ते सरही सुट्टीला गावी आले की संध्याकाळी कुंपणाशी येऊन उभे राहतात. गेल्या दिवाळीत नव्या कोचने खेळ थांबवला, त्यांना आत बोलावलं आणि पोरांच्या वॉर्म-अपची शिट्टी त्यांच्या हातात दिली.